बुध्याचा वेष घालून स्केटिंग करावं का?

धुळ्याहून एका वडिलांचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र लांबलचक आहे, त्यातला कामाचा भाग असा:

‘ताई, माझी मुलगी नववीत आहे. रोलर स्केटिंगमध्ये आर्टिस्टिक करते. शर्यत नव्हे, गाण्यावर उड्या, फिरक्या, पदन्यास, तसलं. यंदा राज्य स्पर्धेसाठी तिच्या सरांनी “सातपुड्याची होळी” हा प्रोग्राम बसवला. वेष बुध्याचा, म्हणजे सातपुड्यातल्या आदिवासींच्या होळीत नवसानं नाचणाऱ्या पुरुषाचा. अंगाला चिकटणारा तपकिरी सूट, त्यावर फॅब्रिक पेंटनं पांढरे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला प्लॅस्टिकचे भोपळे. म्युझिक म्हणजे होळीचा ढोल आणि डोंगऱ्या देवाच्या कार्यक्रमातलं पावरी हे फुंकायचं वाद्य, दोन्ही व्हिडिओवरून उतरवून जोडलेलं. शाळेच्या गॅदरिंगला करून दाखवलं, भरपूर टाळ्या पडल्या. पण तिच्या वर्गात धडगावकडची एक पावरा मुलगी आहे, वसतिगृहात राहते. ती दुसऱ्या दिवशी आमच्या पोरीला एवढंच म्हणाली, “माझे काका बुध्या होतात. तू असं नको करू.” तेव्हापासून आमची पोर सूटला हात लावत नाही. सर चिडलेत. म्हणतात, लोकनृत्य कुणाच्या बापाचं नसतं, धुळे-नंदुरबार तर एकच जिल्हा होता. आणि सरांनी ओळखीच्या एका भिल्ल कर्मचाऱ्यालाही विचारलंय, तो हरकत नाही म्हणाला. ऑलिंपिकमध्ये गोऱ्या जोडीनं “कजरा रे”वर आइस डान्स केला तेव्हा आपण छाती फुगवली, मग आताच काय झालं, असंही म्हणतात. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. सूटचे पैसे गेले ते गेलेच. काय करानं आते?’

भाऊ, तुमची पोर बरोबर आहे. तो सूट तिला घालू देऊ नका. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं वाचून तुम्ही ‘ठिपके पुसले तर चालेल का’ असं विचाराल. नाही चालणार. पण सरांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. उद्या ते तुमच्याशी वाद घालतील तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑलिंपिकपासूनच सुरू करू. सर म्हणतात ती जोडी म्हणजे अमेरिकेचे मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट. २०१०चं व्हँकुव्हर ऑलिंपिक. तेव्हा आइस डान्समध्ये ‘ओरिजिनल डान्स’ नावाची फेरी असायची आणि तिचा विषय दरवर्षी आंतरराष्ट्रीय संघटनाच ठरवून द्यायची. त्या हंगामाचा विषय होता लोकनृत्य. म्हणजे जगातल्या प्रत्येक जोडीनं कुठल्या ना कुठल्या लोकांचा नाच बर्फावर आणायचाच होता. कॅनडाच्या टेसा व्हर्च्यू आणि स्कॉट मॉयर यांनी स्पेनचा फ्लॅमेन्को घेतला. अमेरिकेच्याच दुसऱ्या एका जोडीनं मोल्दोव्हाचा नाच घेतला. डेव्हिस-व्हाइटनी आपली हिंदी सिनेमाची गाणी घेतली. व्हिडिओ भारतभर फिरला, आपण खूश झालो. खरं आहे.

पण त्याच संध्याकाळी, त्याच बर्फावर आणखी एक नाच झाला, तो सरांनी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. रशियाची ओक्साना डोम्निना आणि मक्सिम शाबालिन ही जोडी २००९ची जगज्जेती. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच म्हणून एक प्रोग्राम बसवला होता. जानेवारी २०१०मध्ये टॅलिनच्या युरोपियन स्पर्धेत तो गाजला, तो भलत्याच कारणानं. अंगावर त्वचेपेक्षा गडद रंगाचा चिकट पोशाख, त्यावर पांढऱ्या रंगाच्या रेघा आणि नक्षी, लाल लंगोट, अंगाला लटकवलेली पानं. तुमच्या पत्रासोबतचा गॅदरिंगचा फोटो बघितला तेव्हा मला सगळ्यात आधी तीच जोडी आठवली. इतकं सारखं आहे ते.

ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी जाहीरपणे सांगितलं की हा आमचा अपमान आहे. अंगावरची नक्षी आमची नाही, पावलं आमची नाहीत, आणि आमच्यात जे विधी म्हणून केलं जातं त्याची तुम्ही नक्कल करताय. जोडीचं म्हणणं काय होतं? आम्ही इंटरनेटवर बराच अभ्यास केला, आणि हा काही फक्त ऑस्ट्रेलियातल्या लोकांचा नाच म्हणून बसवलेला नाही. वाईट हेतू त्यांचा नव्हताच, तुमच्या सरांचाही नाही. पण ज्यांचं आहे त्या एकाही माणसाजवळ बसून ते शिकले नव्हते. ऑलिंपिकला येईपर्यंत पोशाखाचा रंग फिका केला, नक्षी कमी केली, नाच मात्र तोच ठेवला. पहिल्या फेरीत ही जोडी सगळ्यांच्या पुढे होती. ओरिजिनल डान्सनंतर तिसरी झाली आणि शेवटी कांस्यपदकावर थांबली. घसरण त्या पोशाखामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पुढच्या दोन्ही जोड्या फार ताकदीच्या होत्या. पण आज त्या दोघांचं नाव निघालं की लोकांना जगज्जेतेपद आठवत नाही, ती पांढरी नक्षी आठवते. तुमच्या मुलीच्या वाट्याला असं यायला नको.

आता या गोष्टीतला एक तपशील खास तुमच्या सरांसाठी. वाद पेटल्यावर व्हँकुव्हरमध्ये ही रशियन जोडी तिथल्या स्थानिक आदिवासी प्रमुखांना भेटली. त्यांनी मोठ्या मनानं दोघांना पारंपरिक ब्लँकेटं भेट दिली. पण ते प्रमुख कॅनडाचे होते! ज्यांची नक्कल झाली ते लोक समुद्रापार ऑस्ट्रेलियात, आणि प्रेमानं भेट मिळाली ती भलत्याच देशातल्या आदिवासींकडून. सरांनी भिल्ल कर्मचाऱ्याला विचारलं, ते असंच झालं. तो माणूस भला असेल. पण सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीबद्दल, पावऱ्यांच्या बुध्याबद्दल हो किंवा नाही म्हणायचा अधिकार त्याच्याकडे कुठून आला? शिवाय ज्या माणसाला वरच्या पदावरचे साहेब हसत हसत ‘काय रे, चालेल ना?’ विचारतात, त्याच्या तोंडून ‘नाही’ निघणं किती अवघड असतं हे आपण सगळे ऑफिसात रोज बघतो.

मग ‘कजरा रे’ का चाललं? सरांचा सगळ्यात जड प्रश्न हाच आहे. मी त्याचं उत्तर असं देते. सिनेमातलं गाणं विकायला काढलेलं असतं. ते आपल्याकडे वरातीत वाजतं, गणपतीत वाजतं, अमेरिकेत वाजलं तर कुणाचा देव बाटत नाही. त्यासाठी कुणी उपास धरलेला नसतो. दुसरं म्हणजे ती जोडी मिशिगनमध्ये सराव करायची, तिथल्या भारतीय नृत्य शिकवणाऱ्या बाईंकडे गेली, आणि हात कसा वळतो, मान कशी जाते, नजर कुठे ठेवायची हे त्यांच्याकडून शिकली. चुकलं तर ‘असं नाही’ म्हणणारं माणूस समोर होतं. आणि तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं. त्या नाचामुळे शाळेत जाणाऱ्या कुठल्या भारतीय मुलीला खाली मान घालावी लागली नाही. तुमच्या पोरीच्या वर्गात मात्र एकीला घालावी लागली.

या खेळाचा दोषही सांगते, म्हणजे सगळं खापर सरांवर फुटायला नको. अडीच-तीन मिनिटांचा प्रोग्राम असतो. पंच लांब बसलेले असतात. गाणं सुरू व्हायच्या आत, नुसता वेष बघून ‘ही कोण’ हे कळावं अशी प्रत्येकाची धडपड. म्हणून स्केटिंगमध्ये ठरलेले मुखवटे वर्षानुवर्षं फिरत राहतात. लाल झालरीचा झगा दिसला की कारमेन, ऑपेरातली ती प्रसिद्ध नायिका. १९८८च्या कॅल्गरी ऑलिंपिकमध्ये तर कातारिना विट आणि डेबी थॉमस दोघी कारमेनच करत होत्या, एकीला सुवर्ण मिळालं, दुसरीला कांस्य. केसात फूल असलं की जिप्सी, झिरझिरीत विजार असली की अरबस्तान. या घाईत खरी माणसं पुसली जातात आणि खुणा तेवढ्या उरतात. आपल्या शाळांच्या गॅदरिंगमध्ये ‘आदिवासी डान्स’ म्हणून जे चालतं, तोंडाला काळं, कमरेला पानं, हातात भाला आणि ‘झिंगालाला’, ते याच जातीचं आहे. आपण ते बघत लहानाचे मोठे झालो, टाळ्या वाजवल्या. वसतिगृहातली पोरंपोरीसुद्धा त्याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली असतात.

आता बुध्याबद्दल. तुम्ही काठीची राजवाडी होळी कधी बघितली नसेल तर एकदा बघा. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत. रात्रभर ढोल चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. बुध्या दिसायच्या आधी ऐकू येतो. कमरेच्या घुंगरांचा आणि वाळलेल्या भोपळ्यांचा आवाज अंधारातून पुढे येतो, मागून तो उंच टोप. अंगावरचे पांढरे ठिपके म्हणजे नुसती सजावट नव्हे. बुध्या होणारा पुरुष नवसानं होतो. होळीच्या आधीपासून व्रत धरतो, खाटेवर झोपत नाही, ब्रह्मचर्य पाळतो, गावोगावच्या होळीला नाचत जातो, आणि होळ्या संपल्या की व्रत सोडतो. ‘माझे काका बुध्या होतात’ या चार शब्दांत त्या मुलीनं हे सगळं सांगितलं होतं. तिच्या घरात फाल्गुन कसा जातो हे तिला माहीत आहे. आणि तो वेष तिनं गॅदरिंगला ट्यूबलाइटखाली, लायक्रात, प्लॅस्टिकचे भोपळे खडखडवत फिरताना बघितला.

तुमच्या घरी आपली खान्देशातली कानबाई देवी बसत असेल. श्रावणातल्या त्या रविवारी आपण नैवेद्याच्या रोटासाठी गहू मोजून घेतो, सोवळं पाळतो, आणि दुसऱ्या दिवशी कानबाईला नदीवर नेताना बायका फुगड्या घालतात. समजा मुंबईच्या एखाद्या क्लबनं कानबाईचा मुखवटा तोंडाला लावून स्केटिंग केलं आणि नाव दिलं ‘खान्देशची मजा’, तर तुमच्या आईला काय वाटेल? तिला विचारून बघा. तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा पक्कं असेल.

सूटच्या रंगाबद्दल वेगळं बोलायलाच हवं. टोप, भोपळे, ठिपके यांच्याबद्दल कुणी वाद घालू शकेल. तपकिरी कापडाबद्दल वाद नाही. मुलीच्या अंगावर दुसऱ्या माणसांच्या कातडीचा रंग चढवून ‘आता ही आदिवासी’ म्हणणं, हे कुठल्याही कारणासाठी बरोबर नाही. त्याच रंगावरून त्या पावरा मुलीला तालुक्याच्या स्टँडवर, दुकानात, कदाचित वर्गातसुद्धा काय काय ऐकावं लागत असेल याचा अंदाज तुम्हाला आहे. तिला तो रंग संध्याकाळी काढून ठेवता येत नाही. म्हणून म्हटलं, ठिपके पुसून भागणार नाही.

‘लोकनृत्य कुणाच्या बापाचं नसतं.’ सर, हे वाक्य तुम्हीही वाचाल म्हणून थेट तुम्हालाच सांगते. लोकनृत्य लोकांचं असतं, आणि लोक म्हणजे नावगाव असलेली माणसं. तुम्ही होळीचा ढोल घेतला आणि त्याला डोंगऱ्या देवाची पावरी जोडली. डोंगऱ्या देव मार्गशीर्षातला, साक्री-बागलाण पट्ट्यातल्या कोकणा-भिल्लांचा. होळी फाल्गुनातली, अक्राणी-अक्कलकुव्याकडची. लोक वेगळे, देव वेगळा, महिना वेगळा. एक नंबरचा कोच स्केटच्या चुकीच्या काठावरून मारलेली उडी लांबून ओळखतो. इतकी बारीक नजर असलेल्या माणसानं इथं मात्र सगळं ‘आदिवासी’ म्हणून एकाच पातेल्यात ओतलं, याचं मला वाईट वाटलं. आणि धुळे-नंदुरबार १९९८पर्यंत एक जिल्हा होता म्हणून हक्क येतो म्हणाल, तर त्या एका जिल्ह्यात मुख्यालय कुठे होतं, दवाखाने कुठे होते आणि कुपोषणानं पोरं कुठे दगावत होती, तेही त्याच दमात आठवावं लागेल.

‘पण ते स्वतःच स्टेजवर नाचतात की!’ असंही कुणी म्हणेल. नाचतात. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत धुळ्यातही नाचतात, आणि बघणाऱ्याला भरून येतं. तिथे काय बाहेर आणायचं आणि काय गावातच ठेवायचं हे तेच ठरवतात. फरक तेवढाच आहे, आणि माझ्या लेखी तोच सगळा आहे.

दुसऱ्याचं काही घेऊच नये का? मी तसं मानत नाही. तसं असतं तर खान्देशात अर्धी गाणी उरली नसती. आपल्या अहिराणीतच गुजरातीचा केवढा सूर आहे. कुणाकडे बसून शिकावं, त्यानं ‘एवढं घे, हे नको’ म्हटलं तर ऐकावं, त्याचं नाव घ्यावं, मानधन द्यावं. असं घेतलेलं टिकतं. मात्र विचारायला जाताना ‘नाही’ ऐकायची तयारी घरून नेलेली हवी. उत्तर आधी ठरवून विचारलं तर ते विचारणं नव्हे.

आता पुढच्या महिन्याची स्पर्धा. स्केटिंगचं म्हणाल तर फारसं काही वाया गेलेलं नाही. उड्या त्याच राहतील, फिरक्या त्याच, पावलांचा क्रमही बराचसा तोच. बदलायचं म्युझिक, हात आणि वेष. महिना पुरतो, मुलं यापेक्षा कमी वेळात गाणं बदलतात. बर्फावरच्या स्पर्धेचा नियमही जाता जाता सांगते. पोशाख साधा, शालीन आणि खेळाला साजेसा हवा, गाण्याचा भाव दाखवला तरी नाटकी नको, आणि पोशाखाचा तुकडा बर्फावर पडला तर एक गुण कापतात. तुमच्या स्पर्धेचं नियमपत्रक सरांकडून मागून वाचा. तो पिसांचा टोप तसाही धोक्याचाच होता, चाकाखाली एक पीस आलं तर पोर तोंडावर पडेल.

म्युझिक काय घ्यायचं हे मुलीला ठरवू द्या. मला विचाराल तर मी आखाजीकडे, आपल्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेकडे बघेन. गौराई बसवणाऱ्या पोरी, झोक्यावरची गाणी, सासरहून माहेरी आलेली लेक. झोक्याचा लांब हेलकावा आणि स्केटिंगमधली लांब घसर यांची लय फार जवळची आहे, एका पायावर वळण घेत मागे जाणं तर हुबेहूब झोका. तुमच्या आईला ती गाणी येत असतील. एक दुपार मुलीला तिच्याजवळ बसवा, फोनवर रेकॉर्ड करा, गावातल्या एखाद्या ढोलकीवाल्याकडून ठेका धरून घ्या. वेष म्हणून साध्या परकराच्या रंगाचा छोटा घेर पुरे. पण हा माझा हट्ट नाही. तिला इंग्रजी पियानोवर करायचं असेल तर तेही उत्तम. खान्देशची म्हणून तिनं दरवेळी खान्देशच दाखवायला पाहिजे असं काही नाही.

राहिली ती वसतिगृहातली मुलगी. तुम्ही कदाचित म्हणाल, तिलाच घरी बोलावू, तिच्याकडूनच बरोबर काय ते शिकून घेऊ, तिच्या काकांची परवानगी मागू. कृपा करून हे आत्ता करू नका. ती चौदा वर्षांची पोर आहे, वर्गात एकटी आहे, आणि एवढं बोलायलाच तिला किती धीर लागला असेल. सगळ्या समाजाच्या वतीनं हो-नाही सांगायचं ओझं तिच्यावर टाकू नका. तुमच्या मुलीनं तिला इतकंच सांगावं, ‘मी तो प्रोग्राम सोडला. तू सांगितलंस ते बरं केलंस.’ मैत्री व्हायची असेल तर पुढे होईल, जेवायला बोलवायचं असेल तर मैत्रीण म्हणून बोलवा. आणि गॅदरिंगचा व्हिडिओ शाळेच्या किंवा क्लबच्या पेजवर असेल तर तो आजच काढायला सांगा. हे काम मोठ्या माणसांचं आहे, पोरींच्या अंगावर ढकलू नका.

तुमची पोर रडली, सूट घालत नाही, सर रागावलेत, या सगळ्यात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का ते पत्रावरून कळलं नाही. तिनं एका वाक्यात मैत्रिणीचं दुःख ओळखलं आणि टाळ्या पडलेला प्रोग्राम सोडायला तयार झाली. तिला जवळ घेऊन सांगा की तू बरोबर केलंस. सूटच्या पैशांबद्दल तिच्यासमोर पुन्हा बोलू नका.

सरांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांना पटलं नाही तर त्यांनी मला लिहावं, त्यांचं पत्र मी याच सदरात जसंच्या तसं छापीन.